तिकीट वाटणाऱ्या सगळ्या पक्षांच्या नेत्यांना सांगोल्यातून एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व पक्षांचे प्रदेशाध्यक्ष आणि उमेदवारी ठरवणारे नेते

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सांगोला तालुक्यातला, जिल्हा सोलापूर. एसटीत कंडक्टर होतो, 2018 ला रिटायर झालो. दोन एकर डाळिंब आहे, मोठा पोरगा ते बघतो, धाकटा तुमच्या राजकारणात असतो. म्हणजे पद वगैरे काही नाही, बूथवर बसणं, गाड्या लावणं, पोस्टर चिकटवणं, सभेला माणसं आणणं हे सगळं तो करतो. त्याच्यामुळंच हे पत्र लिहायला बसलोय. मी कुठल्याच पक्षाचा सभासद नाही आणि कधी नव्हतो, हे आधीच सांगतो, कारण हल्ली काही लिहिलं की पहिला प्रश्न येतो की तुम्ही कुणाचे.

झालं असं की आमच्या भागातल्या एका नेत्याने मागच्या महिन्यात पक्ष बदलला. नाव लिहीत नाही, पद पण लिहीत नाही, कुठून कुठं गेले ते पण नाही, कारण मला त्या एका माणसावर बोलायचं नाहीये आणि तुम्ही महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्यात गेलात तरी असा माणूस सापडेल. माझ्या पोराने त्यांच्यासाठी 2024 च्या इलेक्शनला दोन महिने घरदार सोडून काम केलं. त्याच्या सख्ख्या चुलतभावाने समोरच्या पार्टीचं काम केलं. मतदानाच्या आदल्या रात्री दोघांची वाडीतल्या चौकात बाचाबाची झाली, शर्ट फाटले, तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, माझा भाऊ आमच्या दारात येत नाही, दिवाळीचा फराळ इकडून तिकडं गेला नाही. आणि आता हे नेते त्याच समोरच्या पार्टीत गेले, स्टेजवर गळ्यात हार घालून एकमेकांना पेढा भरवला, फोटो सगळ्या ग्रुपवर आला. ते दोघं एक झाले. माझा पोरगा आणि पुतण्या अजून बोलत नाहीत.

पोराच्या खोलीत खिळ्याला उपरणी लटकलेली आहेत, तीन रंगांची. तिन्ही एकाच नेत्याच्या सभेत मिळालेली, गेल्या सहा-सात वर्षांत. परवा त्याची आई कपडे धुवायला घेत होती, तिने विचारलं यातलं आता कुठलं ठेवू रे, तर पोरगा काही बोललाच नाही, उठून बाहेर गेला. तेवढ्यावरून मला झोप लागली नाही साहेब, आणि म्हणलं आपण ज्या तालुक्यात राहतो तिथून तरी ही गोष्ट कुणीतरी तुम्हाला लिहिली पाहिजे.

ज्या तालुक्यात म्हणजे काय ते सांगतो. तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल पण तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सांगोला म्हणजे भाई गणपतराव देशमुख. आम्ही आबासाहेब म्हणायचो. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले, आणि 2014 ला शेवटचे, वयाची पंच्याऐंशी ओलांडल्यावर. एकूण 11 वेळा आमदार, एकच मतदारसंघ, एकच पक्ष, शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप, लाल बावटा. 2019 ला स्वतःहून थांबले. 30 जुलै 2021 ला सोलापूरच्या दवाखान्यात गेले, 94 वर्षांचे होते. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पुतळ्याचं अनावरण सांगोल्यात झालं तेव्हा वेगवेगळ्या पक्षांचे मोठे नेते एका स्टेजवर होते. आबासाहेबांचं नाव निघालं की तुमचे सगळे लोक एकच बोलतात, साधी राहणी, एसटीने प्रवास, असा नेता होणे नाही.

एसटीचं खरं आहे. मी स्वतः पाहिलंय. जुन्या गाड्यांत पुढच्या एका सीटच्या वर आमदार-खासदारांसाठी राखीव असं रंगवलेलं असायचं, आणि माझ्या सगळ्या नोकरीत त्या सीटवर खरोखरचा आमदार बसलेला मी एकच पाहिला. धोतर, नेहरू शर्ट, टोपी, हातात कागदांची पिशवी, चढले की पास दाखवायचे, आणि बसले की आजूबाजूच्या सीटवरची माणसं सुरू व्हायची, माझं सातबाऱ्याचं अडकलंय, आमच्या वस्तीचा लाइटचा डीपी जळालाय. ते ऐकत राहायचे. पंढरपूर येईपर्यंत त्यांच्या पिशवीत दोन-चार कागद वाढलेले असायचे. हे मी दोन-तीनदा बघितलंय, आमच्या डेपोतल्या जुन्या कंडक्टरांनी त्याहून जास्त बघितलंय.

पण साहेब, मला तुमच्याकडं एसटीचं कौतुक मागायचं नाहीये. मला 1995 बद्दल बोलायचंय.

1995 ला आबासाहेब पडले. 192 मतांनी. एकशे ब्याण्णव. आमच्या एका वाडीत एवढी मतं आहेत. आणि मी त्या वर्षी त्यांच्या विरोधात मत दिलं होतं. आजवर हे मी घराबाहेर कधी बोललो नाही. मी पस्तीस वर्षांचा होतो, नोकरी पक्की झाली होती, बोअरला पाणी नव्हतं, टँकर यायचा तो पण चार दिवसांनी, आणि मनात होतं की एवढी वर्षं एकच माणूस निवडून येतोय, सत्ता दुसऱ्यांची, याने आपल्याला काय मिळतंय, एकदा बदल करून बघू. माझ्यासारखे आणखी होते म्हणूनच ते पडले. माझं मत चुकलं की बरोबर होतं तो मुद्दा वेगळा, मतदार म्हणून तो माझा अधिकार होता, आणि समोर जे निवडून आले ते पण रीतसर निवडून आले.

मुद्दा हा की त्यानंतर आबासाहेबांनी काय केलं. तेहतीस वर्षांचं राजकारण, विरोधी पक्षनेतेपद झालेलं, मंत्रिपद झालेलं, वय सत्तरीला आलेलं. त्यांनी मनात आणलं असतं तर मोठ्या पक्षात कुणीही पायघड्या घातल्या असत्या, विधान परिषद म्हणा, महामंडळ म्हणा. ते सांगोल्यातच राहिले, त्याच पक्षात, आमदारकी नसलेल्या साध्या माणसासारखे गावागावात फिरत राहिले, आणि 1999 ला परत उभे राहिले. तेव्हा मी त्यांना मत दिलं. 1972 ला पण असंच पडले होते आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत निवडून आले होते, ते माझ्या वडिलांनी पाहिलेलं.

म्हणजे बघा, माझं मत विरोधात पडलं तरी त्या माणसाने ते मानलं. आणि आज माझ्या पोराचं मत बाजूने पडलं, तो जिंकवतो, तरी त्याचं मत कुणी मानत नाही. एवढंच मला सांगायचंय, बाकीचं सगळं याच्याच अवतीभवती आहे.

आता तुमच्या बद्दलच्या तक्रारी लिहितो. रागाने नाही लिहीत, पण स्पष्ट लिहितो.

पहिली तक्रार. तुमचा प्रत्येक माणूस पक्ष सोडताना एकच कारण देतो, "मतदारसंघाच्या विकासासाठी". विरोधात राहून कामं होत नाहीत, निधी मिळत नाही, म्हणून जावं लागलं. हे वाक्य सांगोल्याच्या माणसाला तरी सांगू नका. आबासाहेब पन्नास वर्षांहून जास्त आमदार होते आणि त्यातली थोडी वर्षं सोडली तर सगळी विरोधात. मंत्री दोनदाच झाले, 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 ला विलासराव देशमुखांच्या सरकारात. (पुलोदचं सरकारही एक पक्ष फुटूनच आलं होतं हे मला माहीत आहे, पण आबासाहेब त्यात स्वतःच्या पक्षातर्फे गेले, त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं.) दुसऱ्या वेळी तर 2002 ला शेकापने सरकारचा पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. खुर्ची टिकवायला पक्ष सोडला नाही, घरी आले, परत कामाला लागले.

आणि या विरोधातल्या माणसाच्या तालुक्यात काय झालं ते बघा. आमच्याकडं कापूस पिकत नाही, तरी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि नुसती उभी नाही राहिली, चालली. शिरभावीची पाणीपुरवठा योजना झाली, ऐंशीच्या आसपास गावांना एका योजनेतून प्यायचं पाणी. माझ्या बायकोच्या डोक्यावरचा हंडा त्या योजनेने उतरवला, हे मी भाषणातलं वाक्य म्हणून लिहीत नाही, आमच्या वस्तीवर नळ आला ती सकाळ मला आठवते, ती नळाखाली कळशी लावून तिथंच बसून राहिली होती, भरून वाहायला लागली तरी उचलेना.

डाळिंबाचं घ्या. 1990 ला रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, खड्डे खणायला रोहयोची मजुरी, रोपाला अनुदान, आणि आमच्यासारख्या मुरमाड रानात डाळिंब लागलं. माझी पहिली बाग त्यातलीच. त्याच सांगोल्यातून डिसेंबर 2020 मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली, सांगोला ते कोलकात्याजवळचं शालिमार, पंतप्रधानांनी व्हिडिओवरून झेंडा दाखवला. ते सगळं श्रेय एका माणसाचं आहे असं मी म्हणणार नाही, शेतकऱ्यांचे कष्ट आहेत, वेगवेगळी सरकारं आहेत, योजना राज्याची होती. पण विरोधी पक्षाचा आमदार असला की तालुका मरतो हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा म्हणून आमचा तालुका उभा आहे.

पाण्याचं तर सगळ्यात मोठं. टेंभू योजना, म्हणजे कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचं. कागदावर दोन ओळींत लिहून होतं, जमिनीवर पिढी जाते. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब, भारत पाटणकर या लोकांनी 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीला घ्यायला सुरुवात केली 1993 च्या सुमाराला, आणि मग दरवर्षी. दरवर्षी म्हणजे दरवर्षी, सरकार कुणाचंही असो. त्या परिषदेच्या दिवशी आमच्या डेपोच्या आटपाडी गाड्या भरून जायच्या, उभं राहायला जागा नसायची, म्हातारी माणसं भाकरी बांधून यायची. तीच मागणी, तीच माणसं, तेच व्यासपीठ, वीस-पंचवीस वर्षं. आता मला सांगा, जो माणूस पाच वर्षांत दोनदा पक्ष बदलतो त्याच्याकडून असं काम होईल का? त्याला तर आधीच्या पक्षात असताना केलेली मागणी नव्या पक्षात गेल्यावर करता पण येत नाही, कारण नवा पक्षच सत्तेत असतो. पाणी यायला वीस वर्षं लागतात, तेवढी वर्षं एका जागी उभा राहणारा माणूस लागतो.

आणि खरंच जर विरोधी आमदाराला निधी मिळत नसेल तर तो दोष कुणाचा? तुमचाच. आमदार निधी सगळ्यांना सारखा असतो, पण खरी कामं त्यापलीकडच्या पैशांतून होतात, रस्ते, पूल, 2515 चा निधी म्हणजे गावातल्या कामांसाठीचा सरकारी निधी, पुरवणी मागण्यांमधला पैसा, आणि तो कुणाच्या तालुक्याला जास्त आणि कुणाच्या कमी हे गावातल्या शेंबड्या पोराला पण कळतं. आधी तुम्ही विरोधातल्या माणसाचा नळ बंद करायचा आणि मग तो तुमच्याकडं आला की म्हणायचं विकासासाठी आला. टॅक्स तर आम्ही सगळे सारखाच भरतो, तिकिटावर पण, डिझेलवर पण.

दुसरी तक्रार. जो निष्ठेने राहतो त्याला तुम्ही किंमत ठेवली नाही. इलेक्शनच्या आठ दिवस आधी बाहेरून माणूस येतो, सकाळी प्रवेश, दुपारी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत तिकीट. ज्याने पंधरा वर्षं सतरंज्या उचलल्या तो तिथंच खाली बसून टाळ्या वाजवतो. हे एका पक्षाचं नाही, तुम्हा सगळ्यांचं आहे. "निवडून येण्याची क्षमता" हा शब्द तुम्ही वापरता. 1972 ला आणि 1995 ला आबासाहेबांची क्षमता तुमच्या हिशोबाने संपलेली होती. त्यांच्या पक्षाने त्यांना बाजूला करून कुणी तगडा आयात केला असता तर पुढची इलेक्शनं कुणी जिंकली असती?

याच्यामुळं काय होतंय ते तुम्हाला वरून दिसत नसेल, मला घरात दिसतंय. माझा पोरगा आता तेविसाव्या वर्षी जसा होता तसा राहिला नाही. तेव्हा त्याला वाटायचं आपण काहीतरी करतोय. आता तो म्हणतो, पप्पा, कुणाचंच काही खरं नसतं, आपण आपलं बघायचं. तीस वर्षांचं पोरगं असं बोलतंय. चांगली पोरं राजकारणातून अशीच निघून जातात, आणि जी राहतात ती कशासाठी राहतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तिसरी तक्रार कायद्याबद्दल. मी बी.ए. पर्यंत शिकलोय, पेपर रोज वाचतो, त्यामुळं जेवढं कळतं तेवढं लिहितो. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 ला झाला. त्यात आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, ती पळवाट 2003 च्या घटनादुरुस्तीत काढली. कायदा कडक झाला असं आम्हाला वाटलं. मग 2022 ला जूनमध्ये शिवसेना फुटली, अपात्रतेचे अर्ज झाले, सुप्रीम कोर्टाचा निकाल 11 मे 2023 ला आला, त्यांनी विधानसभा अध्यक्षांकडं पाठवलं, अध्यक्षांचा निकाल 10 जानेवारी 2024 ला आला, कुणीच अपात्र नाही, ना या गटाचा ना त्या गटाचा. आणि 2024 च्या नोव्हेंबरला तर इलेक्शनच झालं. मधे 2023 च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली, तिचंही तेच. कोण बरोबर कोण चूक यावर मी बोलत नाही, दोन्ही बाजूंच्या लोकांनी मला गेल्या तीन वर्षांत भरपूर समजावून सांगितलंय. माझा प्रश्न साधा आहे, अर्जाचा निकाल लागायला दीड वर्ष का लागतं? सुप्रीम कोर्टाने 2020 ला मणिपूरच्या केसमध्ये सांगितलंय की साधारणपणे तीन महिन्यांत अध्यक्षांनी निकाल द्यावा. मी ड्युटीवर असताना एका तिकिटाचा हिशोब लागला नाही तर लाइन चेकिंगवाले रस्त्यातच गाडी थांबवून माझी बॅग तपासायचे, त्याच दिवशी रिपोर्ट जायचा. आणि लाखो मतांचा हिशोब दीड वर्ष पडून राहतो.

त्याच 2022 च्या जूनबद्दल आणखी एक गोष्ट, ती तक्रार नाही, दुःख आहे. फुटलेले आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात होते, तिथून झालेला एक फोन सगळ्या देशाने ऐकला. झाडी, डोंगर आणि हॉटेल. बोलणारे आमच्या सांगोल्याचे त्या वेळचे आमदार होते. त्यांच्या बोलण्याची ढब आमच्या मातीतली आहे, सहज कार्यकर्त्याशी बोलले, त्यात मला काही वाईट म्हणायचं नाही. पण तेव्हापासून मी पुण्याला गेलो, मुंबईला पाहुण्यांकडं गेलो, मुलीच्या सासरी गेलो, गाव कुठलं विचारलं की सांगोला म्हणलं की समोरचा माणूस तेच वाक्य बोलून दाखवतो. आधी सांगोला म्हणलं की लोक म्हणायचे, अरे गणपतराव देशमुखांचा तालुका. कंडक्टर असताना शेकडो वेळा ऐकलंय मी हे, मराठवाड्यातल्या, कोकणातल्या, अनोळखी पॅसेंजरकडून. ती ओळख आम्ही मतं देऊन पन्नास वर्षांत तयार केली होती. गेली दोन-तीन मिनिटांत.

आता माझ्यावर एक उलट प्रश्न येणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहितो. आबासाहेबांनंतर त्यांच्याच घरातले उभे राहिले की. हो, राहिले. 2019 ला एक नातू उभे राहिले, 768 मतांनी पडले. 2024 ला दुसरे नातू उभे राहिले आणि निवडून आले. घराणेशाही मला पटत नाही, आबासाहेबांच्या घरातली असली तरी तो प्रश्न विचारला पाहिजे आणि आम्ही गावात विचारतो. फक्त एवढं म्हणतो की 768 मतांनी पडल्यावर पण ते घर त्याच पक्षात राहिलं, आणि लोकांनी ते बघितलं. पुढं ते काय करतात ते पण लोक बघतील, कुणाला सूट नाही.

मागण्या लिहितो. मोठ्या नाहीत, आणि यातल्या बऱ्याच मागण्यांना नवा कायदा पण लागत नाही, तुम्ही ठरवलं की झालं.

निवडून आलेल्या माणसाला पक्ष बदलायचा असेल तर त्याने आधी राजीनामा द्यावा आणि नव्या चिन्हावर परत आमच्याकडं यावं. आम्हाला पटलं तर आम्हीच निवडून देऊ. राजीनामा न देता येणाऱ्याला तुम्ही पक्षात घेऊ नका, म्हणजे तुम्ही, जे हार घालता ते. कायदा काय म्हणतो ते नंतर, तुमचा हार तुमच्या हातात आहे.

बाहेरून आलेल्याला निदान एक निवडणूक तिकीट देऊ नका. पाच वर्षं कार्यकर्ता म्हणून काम करू द्या, सतरंजी उचलू द्या, मग द्या. हा नियम तुमच्या पक्षाच्या घटनेत लिहा आणि जाहीर करा.

अपात्रतेच्या अर्जाचा निकाल तीन महिन्यांत लागलाच पाहिजे असा ठराव विधानसभेत मांडा आणि सगळ्या 288 जणांनी त्यावर हात वर करा. जो हात वर करणार नाही त्याचं नाव आम्हाला कळू द्या.

निधीचं वाटप तालुक्याच्या गरजेने करा, पाऊस किती, टँकर किती, रस्ता किती खराब, यावर करा, आमदार कुणाचा यावर नको. आणि कुठल्या मतदारसंघाला किती दिला याची यादी दरवर्षी मराठीत छापा, तहसील कचेरीच्या बोर्डावर लावा, म्हणजे पक्ष सोडायला विकासाचं कारण उरणार नाही.

उमेदवाराच्या प्रचारपत्रकावर त्याने आत्तापर्यंत कुठल्या-कुठल्या चिन्हावर निवडणूक लढवली ते वर्षासकट छापा. एसटीच्या तिकिटावर पण कुठून कुठपर्यंत ते छापलेलं असतं, पॅसेंजरला बसायच्या आधी कळतं. आम्हाला मत द्यायच्या आधी कळू द्या.

आणि शेवटची मागणी माझ्या घरची समजा. पक्ष बदलणाऱ्या नेत्याने आधी ज्या पोरांना एकमेकांविरुद्ध उभं केलं त्यांच्या घरी जावं. स्टेजवरचा पेढा राहू दे. आमच्या वाडीत यावं, माझ्या पोराला आणि माझ्या पुतण्याला समोरासमोर बसवावं आणि सांगावं की मी असं का केलं. दोघांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत. त्यांचे शर्ट फाटले तेव्हा ते ज्यांच्यासाठी फाटले त्यांचं एवढं तरी देणं लागतं.

हे पत्र मी इथं टाकतोय आणि त्याच्या प्रती स्पीड पोस्टाने तुमच्या प्रदेश कार्यालयांच्या पत्त्यावर पाठवतोय, पोचपावती जपून ठेवणार आहे. परवा पोराला परत फोन आला होता, नव्या पक्षाचा मेळावा आहे, गाड्या तूच लाव, नवीन उपरणी तिथं मिळतील. तो माझ्याकडं बघत होता. मी म्हणलं दोन महिने थांब, मी साहेब लोकांना पत्र लिहिलंय, उत्तर येऊ दे, मग ठरव. तो थांबलाय.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
ता. सांगोला, जि. सोलापूर